रिकामं दिल्याशिवाय

घराचा दरवाजा वाकडा झालाय, असं बायको पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी चक्क ओळंबा लावून पाहिला. फरीदाबादला आमच्या शेजारच्या प्लॉटवर एका बिल्डरचे चार मजले चढत होते. पाया खोदताना हादरे बसले असतील, असा माझा तर्क. दोरीला कुलूप बांधलं आणि चौकटीशी धरलं. चौकट सरळ होती. मी म्हणालो, "दरवाजा ठीक आहे. बिल्डरला उगाच शिव्या घातल्या." ती खुर्चीत बसून दरवाजाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग खिडकीपण वाकडी झाली का?"

तेव्हा मी दोरी खाली ठेवली. कारण तिला डोळा एकच. डावा लहानपणी गोवरात गेला. उरलेल्या उजव्यावर तिने कॉलेज केलं, वर्ध्याहून लग्न होऊन दिल्लीला आली, इथल्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना शिकवलं, माझ्या शर्टांची बटणं लावली. महाराष्ट्र मंडळातून आणलेले दिवाळी अंक ती होळीपर्यंत पुरवून पुरवून वाचायची. रविवारी विहारात वंदनेचं पुस्तक तिच्याच हातात असायचं आणि बाकीच्या बायका तिच्या मागून म्हणायच्या. मला दोन धडधाकट डोळे आहेत आणि मी त्यांनी आयुष्यभर फाइली वाचल्या.

कुठल्या फाइली, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षं आमच्या सेक्शनकडे एकच विषय होता. सरकारी कर्मचारी आणि पेन्शनर यांच्यासाठी जी आरोग्य योजना आहे, तिच्यात खाजगी हॉस्पिटलांना कशाचे किती पैसे द्यायचे. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि होतंही. मला मात्र ते काम आवडायचं. हॉस्पिटलं दरवर्षी महाग होत होती. आम्ही खाटेचा दर बांधून दिला की हातमोज्यांचा वाढायचा. हातमोज्यांचा बांधला की बिलात 'इतर साहित्य' नावाची नवी ओळ यायची. गादीतला कापूस एकीकडे दाबला की दुसरीकडे वर येतो, तसला प्रकार. तो कुठून वर येतोय ते शोधायचं आणि तिथे टाका घालायचा, हे मी देशसेवा समजून करायचो. घरी येऊन फुशारकीही मारायचो. मुलगी म्हणायची, "यार बाबा, तुम्ही हॉस्पिटलशी पर्सनली का भांडता?"

डोळ्यात द्यायचं एक इंजेक्शन होतं, महागडं. एका व्हायलमध्ये, म्हणजे त्या बोटभर काचेच्या बाटलीत, एकाच रुग्णापुरतं औषध. तक्रारी अशा येऊ लागल्या की काही ठिकाणी एक बाटली फोडून तिघांच्या डोळ्यांत देतात आणि आम्हाला बिलं तीन बाटल्यांची पाठवतात. पैशाची चोरी ती वेगळीच, वर लोकांच्या डोळ्यांशी खेळ. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "कुछ ऐसा बनाइए कि चोरी हो ही न सके." मी मसुदा घरी घेऊन आलो.

आमच्याकडे मसुदे स्वयंपाकघरात व्हायचे. मी टेबलाशी, ती ओट्याशी पोळ्या लाटत. मी मोठ्याने वाचायचो. इंग्रजी माझं, पण वाक्य कुठे तोडायचं ते ती ठरवायची. वाक्य लांबलं की तिचं लाटणं थांबायचं, त्यावरून मला कळायचं. त्या संध्याकाळी मी अडून बसलो होतो. हॉस्पिटलने बाटली खरोखर या रुग्णासाठी फोडली, हे ओळखायचं कसं? दाखला मागावा, तर खोटे दाखले हेच तर दुखणं होतं.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "गॅसवाला काय करतो? रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला देतो का? तुम्हीपण रिकामी बाटली मागा."

"रुग्णाकडून?"

"मग काय. आधीची रिकामी आणून दिली तर पुढची मंजूर. नाहीतर नाही."

मी उठून तिच्या पिठाळ हाताशी हात मिळवला. मग बसून एका दमात परिच्छेद लिहिला. प्रत्येक पुढच्या इंजेक्शनच्या मंजुरीआधी मागच्या इंजेक्शनची रिकामी व्हायल, लेबलसकट, योजनेच्या डिस्पेन्सरीत जमा करावी. त्याखाली आणखी एक. मंजुरी न घेता मध्येच एखादं इंजेक्शन घेतलं, तर पुढचा सगळा कोर्स योजनेबाहेर. हा दुसरा परिच्छेद माझा स्वतःचा, त्यात तिचा काही भाग नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या असिस्टंट बाईंनी मसुदा वाचला आणि पेन्सिलने कडेला लिहिलं की 'किंवा हॉस्पिटलचा दाखला' एवढं जोडावं. म्हणाल्या, "सर, किसी की बोतल टूट भी तो सकती है." मी ते खोडरबराने खोडलं. म्हटलं, फट ठेवली की त्यातून हत्ती जातो. फाइल वर गेली आणि एकही स्वल्पविराम न हलता सही होऊन खाली आली. असं आमच्याकडे क्वचित होतं. त्या दिवशी येताना मी अर्धा किलो बालुशाही आणली. तिने विचारलं, "ही कशाची?" मी म्हणालो, "तुझ्या सिलिंडरची." दोघांनी उभ्या उभ्या खाल्ली.

आणि चोरी थांबली, हे मी आजही सांगेन. पुढे वर्षभरात तसली एकही तक्रार टेबलावर आली नाही.

मी निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी तिला दरवाजा वाकडा दिसला.

आमच्या सेक्टराजवळच योजनेतलं एक खाजगी हॉस्पिटल आहे. तिथली तरुण डॉक्टर बाई बोलायला चांगली. मशीनवर डोळ्याचा फोटो काढून तिने समजावलं, "आंटी, परदे के नीचे पानी रिस रहा है. हर महीने एक इंजेक्शन लगेगा. गैप नहीं होना चाहिए." नेमके किती महिने, ते तिने सांगितलं नाही, म्हणाली वर्ष लागेल, दोनही लागतील. वेळेवर घेतलं तर आहे ते टिकेल. नंतर तिने इंजेक्शनचं नाव लिहून दिलं. ते नाव मी शंभरदा टाइप करवून घेतलं होतं. खरं सांगतो, मला तेव्हा भीती वाटली नाही, उलट धीर आला. हा रस्ता तर माझ्या पायाखालचा, असं वाटलं.

पहिल्या मंजुरीला चार दिवस लागले. पहिल्याच इंजेक्शनला रिकामी बाटली कुठून आणणार, तेव्हा ती कोणी मागत नाही. तिला आत नेलं. बाहेर आली तेव्हा डोळ्यावर पट्टी, आणि माझा हात घट्ट धरलेला. मी मोठ्या जाणकारपणे नर्सला म्हणालो, "सिस्टर, खाली व्हायल दे दीजिए, जमा करनी है."

"अंकल, वो तो कचरे में गई. बाहर देना मना है."

मला वाटलं टाळतेय. मी मॅनेजरकडे गेलो. त्याने मला भिंतीवर लावलेला कागद दाखवला. वापरलेली सुई, बाटली, कापूस, हॉस्पिटलचं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, ठरलेल्या पिशवीतून ठरलेल्या गाडीतच जायचं, असा दुसऱ्या एका सरकारी खात्याचा नियम. पूर्वी हे लोक रुग्णाला गुपचूप बाटली देत, मग तपासणी कडक झाली, दंड बसला, आणि देणं बंद झालं. मी तो नियम उभ्याउभ्या पूर्ण वाचला. बरोबर होता. कुणीतरी माझ्यासारख्याच माणसाने, बहुधा आपल्या घरच्या टेबलाशी बसून, नीट विचार करून लिहिला असणार. मॅनेजर म्हणाला, आम्ही लेटरहेडवर दाखला देतो. दिलाही.

डिस्पेन्सरीतल्या क्लार्कने दाखला वाचला आणि परत सरकवला. "अंकल, इसमें तो व्हायल लिखा है." त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून परिपत्रकाची झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवली. माझ्या बाजूने ती उलटी होती, तरी मला वाचावी लागली नाही. मी वाद घातला, की हॉस्पिटलला बाटली देताच येत नाही. तो म्हणाला, मग हॉस्पिटलकडून तसं लिहून आणा. म्हटलं, आणलंय की, हा तो दाखलाच. तो म्हणाला, पण यात दाखला चालेल असं कुठे लिहिलंय? माणूस वाईट नव्हता. मागच्या लोकांना थांबवून त्याने मला पाणी दिलं. हे मी लिहिलंय, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, पण ते बाहेर पडलं नाही. लाज वाटली.

घरी मी तिला सांगितलं, "कागदाची जरा गडबड आहे. होईल."

मग मेट्रोने दिल्लीला, जुन्या ऑफिसात. माझ्या खुर्चीवर आता एक तरुण अधिकारी आहे. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, बिस्किटं मागवली. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "सर, आपका ड्राफ्ट बड़ा टाइट है. आज तक कोई इसमें छेद नहीं कर पाया." मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं. तो म्हणाला, सूट देता येईल, पण फाइल चालवावी लागेल. आधी त्या कचऱ्याच्या नियमवाल्या खात्याचं मत, मग वित्तवाल्यांचं, मग वर. माझ्यासमोरच त्याने नवी फाइल उघडली. किती आपुलकीने उघडली! आणि त्या फाइलचा रस्ता मला पाठ होता. कुठल्या टेबलावर किती दिवस बसणार, तेही पाठ. मी स्वतः त्या टेबलांवर लोकांच्या फाइली तशाच बसवल्या होत्या, काही दुष्टपणाने नाही, क्रमाने.

दुसऱ्या इंजेक्शनची तारीख आली. शनिवारी मुलगी गुरुग्रामहून आली. ती तिथे एका कंपनीत आहे. तिने पर्स उघडून कार्डच टेबलावर ठेवलं. "बाबा, मी पे करते ना. चलो, आत्ता जाऊ."

इथे मी जे केलं ते मला कुणीही करायला लावलं नव्हतं. मी तिला शांतपणे, मुद्देसूद समजावलं. मंजुरीशिवाय गेलो तर योजनेने बांधून दिलेला दर लागू नाही. हॉस्पिटल आपला स्वतःचा दर लावणार, आणि तो एव्हाना कुठल्या कुठे गेला होता. एक इंजेक्शन तू देशील, तीन देशील. वर्षभर, दोन वर्षं कोण देणार? माझ्या पेन्शनमध्ये बसत नाही, तुझ्या पगारात फ्लॅटचा हप्ता आहे. आणि एक जरी मंजुरीविना घेतलं तर पुढचा सगळा कोर्स कायमचा योजनेबाहेर. फाइल चालू आहे. आठ-दहा दिवस थांबू.

"पण बाबा, डॉक्टर म्हणाली ना गॅप नको?"

"आठ दिवसांनी काय होतं?"

मुलीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "बाबांना फाइल कळते. थांबू आठ दिवस." आणि कार्ड मुलीच्या हातात परत दिलं.

अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हे छळतं. दुसऱ्या कुठल्या घरात, दुकानदाराच्या म्हणा, रिक्षावाल्याच्या म्हणा, कर्ज काढून, दागिना विकून त्याच दिवशी इंजेक्शन घेतलं असतं. नियम मोडला तर पुढे काय, हे त्यांना माहीतच नसतं. मला सगळं माहीत होतं. म्हणून मी थांबलो.

डॉक्टरने एक चौकटी-चौकटीचा कागद दिला होता, मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा कशा दिसतात ते सांगायचं. तो आम्ही फ्रिजवर चिकटवला. मी चहा ठेवायचो आणि ती कागदासमोर उभी राहायची. "आज कालच्यासारखंच." मी मोबाइलवर फाइल कुठे आहे ते बघायचो. तीही कालच्यासारखीच. आठाचे पंधरा दिवस झाले. मी फोन करायचो, अधिकारी म्हणायचा, "सर, पर्सनली देख रहा हूँ." पंधराचे बावीस झाले. ती म्हणाली, "खालच्या रेघा जरा हलतात." मी म्हणालो, आज फोन करतो. मुलगी रोज विचारायची. मी रोज तिला फाइल कुठल्या टेबलावर आहे ते सांगायचो, आणि सांगताना माझा आवाज चिडका व्हायचा, जसं काही तीच उशीर करतेय.

मग एका सकाळी ती फ्रिजसमोर बराच वेळ उभी राहिली. मी चहा गाळत होतो. ती कागदावर बोट फिरवत म्हणाली, "अहो, ठिपका सापडत नाही."

मी मुलीला फोन केला. ती कॅबने आली, कार्ड दिलं, अर्ध्या तासात इंजेक्शन झालं. इतकं सोपं होतं ते. डॉक्टर बाईने नवा फोटो बघितला आणि आमच्याशी बोलताना फोटोकडेच बघत राहिली. आत रक्त उतरलं होतं, आता व्रण राहणार. "आगे का बचा लेंगे. जो गया, वो नहीं आएगा." इतके दिवस का थांबलात, असं तिने विचारलं नाही.

आता तिला कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ताटाची कड दिसते, ताटातलं दिसत नाही. माझ्याशी बोलायचं तर ती मान वळवून भलतीकडे बघते, मग तिला मी थोडासा दिसतो. नवा माणूस आला तर त्याला वाटतं, बाई रागावल्या आहेत. विहारात ती अजून पुस्तक हातात धरून उभी राहते आणि सगळं तोंडपाठ म्हणते. पान मात्र उलटायचं विसरत नाही.

आठवड्याभराने सूट मिळाली. विशेष बाब म्हणून, एकदाच, आमच्यापुरती. मधलं ते मुलीने भरलेलं इंजेक्शनही माफ केलं होतं. त्या तरुण अधिकाऱ्याने खरंच धावपळ केली असणार. मी पत्राला भोकं पाडून ते आमच्या घरच्या फाइलीत लावलं, आणि लावून झाल्यावर लक्षात आलं की मी काय करतोय. नंतर मी एक अर्जही पाठवला की नियमात हॉस्पिटलचा दाखला जोडा, दुसऱ्या कुणावर ही पाळी नको. पोच आली की सूचनेची नोंद घेतली आहे. ते वाक्य मीही शेकडो लोकांना पाठवलेलं. त्याचा अर्थ काय असतो, ते मला कुणी सांगायला नको.

एवढ्या महिन्यांत ती मला एका शब्दाने बोलली नाही. दिवाळी अंक मी वाचून दाखवतो. वाक्य लांबलं की ती अजूनही हात वर करते. पण माझ्या मनात एकच धाकधूक होती. तिला ती पोळ्यांची संध्याकाळ आठवू नये. माझं मी भोगीन. तिने स्वतःला दोष लावून घ्यावा, हे मला सोसलं नसतं. म्हणून परिपत्रकात नेमकं काय लिहिलंय ते मी तिला कधी धड सांगितलंच नाही. कागदाची गडबड, एवढंच म्हणत राहिलो.

गेल्या आठवड्यात गॅसवाला आला. आमच्या गल्लीत पाइपचा गॅस अजून पोचलेला नाही. बेल वाजली तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. ते काम आता माझं आहे. खाली येतो तर तिने रिकामा सिलिंडर स्वयंपाकघरातून काढलेला, एक हात भिंतीला लावून, तिरका धरून बुडावर फिरवत दारापर्यंत आणलेला. गॅसवाला आमच्याकडे कितीतरी वर्षं येणारा पोक्त माणूस. म्हणाला, "माताजी, मैं अंदर से ले लेता."

"पहले खाली वाला तो लो," ती सवयीने म्हणाली.

तो भरलेला ठेवून, रिकामा खांद्यावर टाकून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती. ती नव्या सिलिंडरवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग तिने मान बाजूला वळवली, म्हणजे माझ्याकडे बघितलं.

"अहो, ती रिकामी बाटली मागायचं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

आयुष्यभर मी फाइलीवर जे लिहिलं ते खरं लिहिलं. चुकलं असेल, पण खोटं कधी लिहिलं नाही.

"छे," मी म्हणालो. "ते साहेबांचं होतं. मी घरी येऊन तुला सांगितलं, तेव्हा तू सिलिंडरचं म्हणालीस."

"असं होय," ती म्हणाली. सिलिंडरच्या कडीवरून तिचा हात जरा वेळ फिरत राहिला. "मला इतकी वर्षं वाटत होतं, ती बालुशाही माझी होती."